जहन्नमची आग सांगता, मग कारणही सांगा

मा. संपादक,

सलाम आणि नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यांचं म्हणणं असं की इस्लाम हा धर्म मुळात नरकाच्या भीतीवर उभा आहे, आग, उकळतं पाणी आणि साखळदंड सोडले तर त्यात हाताला काही लागत नाही. एरवी असं काही वाचलं की मला राग येतो, यावेळी आला नाही, कारण त्याच आठवड्यात माझ्या घरात जे चाललं होतं ते बघून मलाच वाटायला लागलं होतं की आम्ही आमच्या पोरांना तरी याच्यापेक्षा वेगळं काय सांगतोय. म्हणून लिहितेय. पत्र लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी कोकणी मुसलमान, खेड तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवून रिटायर झाले. मे महिन्यात मुंब्र्याहून माझा नातू आला, आठ वर्षांचा आहे. दरवर्षी आला की बॅग टाकून थेट आंब्याखाली पळतो, संध्याकाळपर्यंत दिसत नाही. यावेळी पोरगं गप्प. लाईट गेली की ओरडायचं, पडवीतनं माजघरात एकटं यायचं नाही, संडासला गेलं तर मी दाराबाहेर उभी राहायची आणि आतून दर मिनिटाला "नानी आहेस ना?" अशी हाक. तिसऱ्या रात्री माझ्या कुशीत शिरून विचारतो, नानी, कबरीतला साप केवढा असतो, आणि तो आधी पायाला चावतो की तोंडाला. मग म्हणतो मी काल फजरला, पहाटेच्या नमाजला, उठलो नाही ना, मग माझं डोकं दगडानं ठेचणार, ठेचलं की परत चांगलं होणार आणि परत ठेचणार. हे सगळं तो पाढे म्हणावे तसं म्हणत होता, एका दमात, आणि अंग थरथरत होतं.

हळूहळू काढून घेतलं तेव्हा कळलं, एक व्हिडिओ आहे. काळं आभाळ, लाल ज्वाळा, किंचाळ्या, मागे घुमणारा आवाज. तो जिथं अरबी शिकायला जातो तिथं मुलांना ओळीत बसवून मोबाईलवर दाखवलेला, आणि नंतर घरच्या ग्रुपवर पण फॉरवर्ड होऊन आलेला, खाली सगळ्यांचे हात जोडलेले आणि "अल्लाह हम सबको बचाए". शिकवणाऱ्याचं नाव घेत नाही, त्या माणसाचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही, त्यालाही लहानपणी कुणीतरी असंच घाबरवलं असेल. पण आठ वर्षांच्या मुलाची झोप उडाली त्याचं काय.

मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला, दोनदा. आणि मला जे दिसलं ते सांगण्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र आहे.

त्यातली बरीचशी चित्रं एका हदीसमधली आहेत, हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याची सांगितलेली आठवण. समुरा बिन जुंदुब नावाच्या सहाबींनी, पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांनी, सांगितलेली, बुखारी शरीफ या हदीससंग्रहात आहे. पैगंबरसाहेब (स.) फजरच्या नमाजनंतर लोकांना विचारायचे की आज रात्री कुणी स्वप्न पाहिलं का, आणि एका सकाळी त्यांनी स्वतःचंच स्वप्न सांगितलं. दोघंजण त्यांना बरोबर घेऊन जातात. एका माणसाचं डोकं दगडानं ठेचलं जातंय, एकाचा गाल लोखंडी आकड्यानं मानेच्या मागपर्यंत फाडला जातोय, एक जण रक्तासारख्या लाल नदीत पोहतोय आणि काठाला आला की त्याच्या तोंडात दगड कोंबला जातोय. व्हिडिओत हे सगळं आहे, तपशीलवार. पण कोण आहेत ही माणसं? गाल फाडला जातोय तो असं खोटं बोलणारा आहे की त्याचं खोटं दुनियाभर पसरतं. (हे वाचून व्हॉट्सअॅपवाल्यांनी स्वतःच विचार करावा.) रक्ताच्या नदीतला व्याज खाणारा आहे. आणि डोकं ठेचलं जातंय तो कुरआन हाती घेऊन नंतर तो सोडून देणारा आणि फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजकडे पाठ करून झोपणारा, म्हणजे जाणता, मोठा माणूस. मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर नीट झोप न लागलेलं आणि पहाटे डोळा लागलेलं आठ वर्षांचं पोर तो माणूस नव्हे!

आणि याच स्वप्नात पुढे एक बाग आहे. हिरवीगार, वसंतातली सगळी फुलं असलेली, आणि मध्ये एक इतका उंच माणूस की त्याचं डोकं आभाळात दिसेनासं होतं, आणि त्याच्या भोवती मुलंच मुलं, इतकी मुलं पैगंबरसाहेबांनी कधी पाहिली नव्हती. तो माणूस म्हणजे हजरत इब्राहिम, आणि ती मुलं लहानपणीच वारलेली. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींनी विचारलं, मुश्रिकांची मुलं पण? म्हणजे मूर्तिपूजकांची, आमच्या धर्माबाहेरच्यांची. आणि उत्तर आलं, मुश्रिकांची मुलं पण.

ही बाग व्हिडिओत नाही. कापून टाकली आहे. एकाच हदीसमधला दगड घेतला, आकडा घेतला, नदी घेतली आणि मुलांची बाग तेवढी गाळली, आणि ते दाखवलं कुणाला, मुलांनाच. मी मोबाईल खाली ठेवला आणि किती वेळ तशीच बसून राहिले.

त्या रात्री मी नातवाला ती बाग सांगितली. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली जी आमच्या प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे, की तिघांवरनं कलम, म्हणजे करणी लिहिणारी लेखणी, उचललेली आहे, झोपलेल्यावरनं तो जागा होईपर्यंत, लहान मुलावरनं तो वयात येईपर्यंत आणि ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्यावरनं ते येईपर्यंत. म्हणजे खांद्यावरचे किरामन कातिबीन, करणी लिहिणारे फरिश्ते, तुझं वाईट लिहीतच नाहीत अजून. तर लगेच उठून बसला आणि म्हणाला मग चांगलं पण लिहीत नाहीत? मी म्हटलं चांगल्याचा सवाब, पुण्य, मिळतो. हे त्याला एकदम पटलं.

सापाचं राहिलं होतं. तो सापही आला कुठून ते बघा. बुखारीत जो टक्कल पडलेला, डोळ्यांवर दोन काळे ठिपके असलेला विषारी साप आहे तो जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, न देणाऱ्याचा आहे. कयामतच्या, शेवटच्या निवाड्याच्या, दिवशी त्याची स्वतःची दौलतच साप होऊन त्याच्या गळ्यात पडणार, जबडा धरणार आणि म्हणणार, मी तुझा माल आहे, मी तुझा खजिना आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही. ज्यानं गरिबाचा हिस्सा तिजोरीत दाबून ठेवला त्याला त्याचीच तिजोरी डसते. आणि आपण त्या सापाचं काय केलं, त्याच्यातनं जकात काढून टाकली, पैसेवाला काढून टाकला, आणि नुसता साप पोरांच्या अंगावर सोडला.

जहन्नमबद्दल बोलताना "काय" एवढंच सांगतात आणि "कशासाठी" गाळून टाकतात, ही माझी तक्रार आहे. आमच्या लोकांबद्दल आहे, आणि तुमच्या त्या पत्रलेखकांबद्दलही तीच आहे.

आमची पोरं मकतबमध्ये, धार्मिक शाळेत, सगळ्यात आधी कुरआनचा तिसावा पारा, म्हणजे शेवटचा भाग, पाठ करतात, अम्मपारा, छोट्या छोट्या ३७ सूरा, म्हणजे अध्याय. मीही केला होता, एका अक्षराचाही अर्थ न कळता. मी डी.एड. झाले, नोकरीला लागले, चाळिशी ओलांडली, तेव्हा मराठी तर्जुमा, भाषांतर, हातात घेऊन बसले आणि मला धक्काच बसला की मी रोज नमाजमध्ये जे म्हणते त्यात काय काय आहे. सूरह हुमजा घ्या, नऊ आयतींची, म्हणजे वचनांची, प्रत्येक पोराला येते. त्यात हुतमा आहे, चुराडा करणारी आग, जी थेट काळजापर्यंत चढते. कुणाला? जो लोकांना टोमणे मारतो, पाठीमागे निंदा करतो, पैसा गोळा करतो आणि मोजत बसतो. सूरह माऊन तर फक्त सात आयतींची, ती नमाज पढणाऱ्यांनाच दम देते! यतीमाला, अनाथाला, धक्के मारून हाकलणारा, गरिबाच्या जेवणासाठी शब्द न टाकणारा, आणि मग असे नमाजी जे दिखाव्यासाठी पढतात आणि माऊन द्यायला नाही म्हणतात. माऊन म्हणजे काय, तर जुन्या जाणकारांनी सांगितलंय, शेजारी मागतो त्या बारीकसारीक वस्तू, बादली, भांडं, कुऱ्हाड. आमच्याकडे शेजारीण कोयता मागायला येते, शिडी मागायला येते, आणि "नाही हो, मोडलीय" असं आपण सहज म्हणून जातो. ते कुरआनमध्ये आहे हे आमच्या वाडीत किती जणांना माहीत असेल? आणि सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाणार, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. सोनोग्राफीच्या जमान्यात ही आयत वाचली की माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच पाऱ्यात सूरह मुतफ्फिफीन आहे. माझ्या बाबांचं पेठेत छोटं दुकान होतं, तांदूळ, नाचणी, सुकी मासळी. बाबांना फारसं लिहिता वाचता येत नव्हतं, पण या एका सूरहच्या पहिल्या तीन आयतींचा अर्थ त्यांना कुणीतरी सांगितला होता आणि तो त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. घेताना पायली भरून घेतात आणि देताना कमी देतात त्यांचा सत्यानाश, एवढाच अर्थ. मराठीत आपण मापात पाप म्हणतो तेच. बाबा पायली भरताना वर शीग लावायचे आणि बोट आत घालायचे नाहीत, बोटाएवढे तांदूळ कमी जातात म्हणून. गिऱ्हाईक कोण, मुसलमान की कुणबी की भंडारी, काही बघायचे नाहीत. मी लहान असताना विचारलं होतं बाबा एवढं कशाला, तर म्हणाले मला त्या पुलावरनं जायचंय आणि वजन घेऊन जाता येत नाही. पुलसिरात म्हणजे जहन्नमवरचा पूल, केसापेक्षा बारीक आणि तलवारीपेक्षा धारदार. बाबाही जहन्नमला घाबरत होते. पण त्या भीतीनं त्यांची झोप उडाली नाही, त्यांची पायली सरळ झाली.

आता जे लिहिते ते लिहायला जरा जड जातंय. कुरआनच्या चौथ्या सूरहमध्ये, सूरह निसामध्ये, वारसाहक्काच्या आयती आहेत, अकरावी आणि बारावी. कुणाला किती हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा, आईला किती, बायकोला किती, अगदी हिशोब मांडून दिलाय आणि म्हटलंय की हा अल्लाहनं ठरवून दिलेला हिस्सा आहे. पण याच्या अगदी आधीची आयत, दहावी, काय म्हणते? जे यतीमांचा माल अन्यायानं खातात ते आपल्या पोटात आग भरतात. आणि थोडं पुढे, चौदावी? ज्यानं या हद्दी ओलांडल्या त्याला आग. म्हणजे मुलीच्या हिश्श्याच्या आधी आग आहे आणि नंतरही आग आहे, दोन्ही बाजूंनी कुंपण घातल्यासारखी. हे वाचायला काही मोठा आलीम, धर्मपंडित, लागत नाही, ओळीत वाचलं की दिसतं.

आणि आमच्या कोकणात काय चालतं? बाप गेला, चाळीसवा झाला की बहिणींना बोलावतात, जेवण चांगलं करतात, आणि हक्कसोडपत्र पुढे करतात. सही कर, भाऊ आहे ना तुझा, माहेर तुटेल. सातबाऱ्यावरनं नाव गेलं. मी केलीय अशी सही. कुणी केली, कुणी करून घेतली ते लिहीत नाही, आता त्या गोष्टीला वर्षं झाली आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाही. पण मी शिक्षिका असून, सगळं कळत असून सही केली आणि ज्यांनी माझ्याकडून ती घेतली ते पाच वेळचे नमाजी होते, घरात टीव्ही लावला तर जहन्नममध्ये जाशील म्हणून पोरींना ओरडणारे. त्यांना कुणी कधी जुम्याच्या बयानमध्ये, शुक्रवारच्या प्रवचनात, दहावी ते चौदावी आयत एका दमात वाचून दाखवली नाही. मी इतकी वर्षं आसपासच्या बायकांना विचारतेय, कुणी ऐकलीय का? गाण्यावर बयान ऐकलंय, फोटोवर ऐकलंय, बायकांच्या कपड्यांवर तर विचारूच नका. बहिणीच्या हिश्श्यावर नाही. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय की ज्यानं वीतभर जमीन अन्यायानं घेतली त्याच्या गळ्यात सात जमिनींचं जोखड पडेल. आमच्याकडे दरवर्षी बांध कोरतात, वीतवीतभरच कोरतात, कोर्टात केसेस पडून आहेत, आणि हे सांगायला कुणी तयार नाही.

मुफलिसची, म्हणजे दिवाळखोराची, हदीस आहे, सहीह मुस्लिम या दुसऱ्या हदीससंग्रहात, ती मात्र मी नातवाला सांगितली नाही, माझ्या मुलीला आणि जावयाला सांगितली. पैगंबरसाहेबांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले ज्याच्याकडे पैसा नाही, सामान नाही तो. ते म्हणाले नाही, माझ्या उम्मतचा, अनुयायांमधला, दिवाळखोर तो जो कयामतला नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्यानं कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचं खाल्लेलं, कुणाला मारलेलं, तर त्याची पुण्याई एकेकाला वाटत सुटतील, ती संपली की त्या लोकांची पापं याच्या डोक्यावर टाकतील आणि मग याला आगीत. म्हणजे अल्लाहचं देणं अल्लाह माफ करेल, माणसाचं देणं माणसाकडूनच सोडवून घ्यायला लागतं. आमच्याकडे जनाजाच्या वेळी पुकारतात ना, मयताकडे कुणाचं काही देणं असेल तर वारसांना सांगा, ते याच्यासाठीच. माझी खात्री आहे की त्या वेळी कुणा बहिणीनं हात वर केला तर जनाजा तिथंच थांबेल. पण बायका जनाजाला नसतातच.

आता तुमच्या पत्रलेखकांना. साहेब, तुम्ही म्हणता ते कुरआनमध्ये नाही असं मी म्हणणार नाही, आहे. सात दरवाजे आहेत, १९ पहारेकरी आहेत, जक्कूमचं झाड आहे ज्याचं फळ पोटात वितळलेल्या धातूसारखं उकळतं, जळालेली कातडी बदलून नवी देणं आहे. इमान, म्हणजे श्रद्धा, नाकारणाऱ्यांबद्दल फार कडक शब्द आहेत, तेही मी लपवत नाही. हे सगळं मी मानते. आमच्या शेजारच्या काकू वारल्या तेव्हा त्यांच्या घरी गरुडपुराण लावलं होतं, मी रोज जाऊन बसायचे, तिथंही रौरव होता, कुंभीपाक होता आणि तिथंही प्रत्येक यातनेला माणसाची एकेक करणी जोडलेली होती. मी तेव्हा असं म्हटलं नाही की काकूंचा धर्म भीतीवर उभा आहे, कारण मी काकूंना ४० वर्षं बघितलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, तुम्हीही व्हिडिओवाल्यांसारखंच अर्धं वाचलंत. ११४ पैकी ११३ सूरा रहमान आणि रहीम या नावांनी सुरू होतात, दोन्ही दयेची नावं आहेत. "माझी रहमत (दया) प्रत्येक गोष्टीला व्यापून आहे" हेही कुरआनच म्हणतं, आणि माझ्या रहमतनं माझ्या गजबवर, रागावर, मात केली असं अल्लाहनं स्वतःसाठी लिहून ठेवलंय हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई आगीत गेली, हे सगळे सांगतात. तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्यानं विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्या वेश्येला माफी मिळाली, हेही त्याच पुस्तकांत आहे.

आणि एक प्रसंग आहे जो मला सगळ्यात जवळचा आहे. कैदी आणलेले असतात, त्यात एक बाई आपलं मूल शोधत सैरावैरा फिरतेय, मिळालं तसं तिनं उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दूध पाजायला लागली. पैगंबरसाहेबांनी बरोबरच्या लोकांना विचारलं, ही बाई आपल्या मुलाला आगीत टाकेल असं वाटतं का तुम्हाला? लोक म्हणाले नाही, तिच्या हातात असेल तर कधीच नाही. ते म्हणाले, ही आपल्या मुलावर जितकी माया करते त्याहून जास्त अल्लाह आपल्या बंद्यांवर करतो. आई म्हणून, नानी म्हणून मी हे कितीदा वाचलंय आणि दरवेळी डोळे भरतात.

जहन्नम कायमची आहे का, हाही प्रश्न आमच्याच आलीमांनी विचारलेला आहे, कुणी बाहेरून येऊन नाही. बहुतेक सुन्नी आलीम म्हणतात की ज्याच्या दिलात राईच्या दाण्याएवढं इमान आहे तो शेवटी बाहेर येणारच, हदीस आहे तशी. मोअतजिला नावाच्या जुन्या पंथाचे लोक म्हणायचे मोठा गुन्हा करून तौबा, पश्चात्ताप, न करता मेला तो कायमचा आत. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न कय्यिम यांनी त्याच्याही पुढचा विचार मांडला की ही आग स्वतःच एक दिवस संपेल, कारण शिक्षा मळ जाळण्यासाठी असते आणि मळ गेला की जाळायचं काय. त्याला तकीउद्दीन सुबकींसारख्यांनी कडक विरोध केला, आणि बहुतेक आलीम आजही आग कायमचीच मानतात. त्याच्याही आधी इमाम गजालींनी लिहून ठेवलंय की ज्यांच्यापर्यंत इस्लामचा पैगाम पोचलाच नाही, किंवा पोचला तो बिघडवून, खोटानाटा करून पोचला, त्यांना अल्लाहची रहमत सामावून घेईल अशी उमेद आहे. आणि आपल्या जवळच्या काळात कवी आणि विचारवंत अल्लामा इक्बाल, १९३० साली छापलेल्या व्याख्यानांत म्हणतात की जन्नत जहन्नम या जागा नाहीत, अवस्था आहेत, आणि जहन्नम ही सूड घेणाऱ्या देवानं कायम छळण्यासाठी खणलेली खाई नाही, निबर झालेल्या आत्म्याला पुन्हा जागं करण्यासाठी आहे. मी यातलं सगळंच मानते असं नाही, आग खरी आहे असंच माझं मन म्हणतं, पण एवढी माणसं एवढी शतकं यावर विचार करत बसली आणि आपल्या वाट्याला आला तीन मिनिटांचा किंचाळ्यांचा व्हिडिओ, याचं वाईट वाटतं.

आणखी एक, आमच्या ग्रुपवर आजकाल रोज कुणीतरी कुणालातरी जहन्नममध्ये पाठवत असतं. अमका नट गेला, अमकी गायिका गेली, लगेच खाली निकाल. सहीह मुस्लिममध्येच आहे की एक माणूस म्हणाला, अल्लाहची कसम, त्या अमक्याला अल्लाह माफ करणार नाही. अल्लाहनं म्हटलं हा कोण माझ्या नावानं कसम खाऊन सांगणारा, मी त्याला माफ केलं आणि तुझी करणी वाया घालवली. हे मी ग्रुपवर टाकलं होतं. कुणी काही बोललं नाही पण दोन दिवस निकाल आले नाहीत.

मुलांना आगीबद्दल काहीच सांगू नका असं मी म्हणत नाही. आम्हालाही सांगितलं होतं. भर दुपारी अंगण तापलं की दादी म्हणायची जहन्नमनं श्वास सोडला, आणि दुनियेतली आग तिथल्या आगीचा सत्तरावा हिस्सा आहे हे चुलीपुढे बसून सांगायची. पण लगेच पुढे सांगायची की अर्ध्या खजुरानं सुद्धा आगीतनं वाचता येतं, अर्धी खजूर कुणाला तरी द्या, आणि तेवढीही नसेल तर गोड बोला. हदीस आहे ती. आम्ही भावंडं रमजानमध्ये मग्रिबची, सूर्यास्ताची, अजान व्हायच्या आधी खजुराचे दोन तुकडे करून एकमेकांच्या हातात कोंबायचो, आपण वाचावं म्हणून! भीती होती, पण भीतीबरोबर हातात करायला काहीतरी दिलेलं होतं.

नातू मुंब्र्याला परत गेला. जायच्या आधी घरामागच्या कबरस्तानात माझ्या बाबांच्या कबरीवर सब्जाची डहाळी ठेवायला स्वतः आला, दिवसाउजेडी आला हे खरं, पण माझा हात न धरता आला. कबरीवर हिरवी डहाळी का ठेवतात ते मी त्याला सांगितलं, की पैगंबरसाहेबांनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी चिरून लावली होती, त्या दोघांना आत त्रास होत होता, तो हलका व्हावा म्हणून. त्यानं विचारलं त्यांनी काय केलं होतं. कशासाठी, हे त्यानंच विचारलं. मी म्हटलं एक जण लघवीच्या शिंतोड्यांपासून अंग जपत नव्हता आणि दुसरा इकडचं तिकडे सांगत फिरायचा.

आमच्या जमातच्या ट्रस्टींना मी भेटून आले, दोन गोष्टी मागितल्या. मकतबमध्ये मुलांना असले व्हिडिओ दाखवायचे नाहीत, आणि अम्मपारा पाठ करून घेताना प्रत्येक सूरहचा अर्थ मराठीत किंवा आमच्या कोकणीत सांगायचा, मी फुकट येऊन सांगेन. तिसरी गोष्ट तोंडावर आली होती पण तिथं बोलता आली नाही, ती इथं लिहिते. एखाद्या जुम्याला सूरह निसाच्या दहा ते चौदा या पाच आयती, मध्ये न थांबता, अर्थासकट वाचा. बायकांना आत घेत नसाल तर भोंगा थोडा वाढवा, आम्ही पडवीत बसून ऐकू.

संपादक साहेब, पत्र मोठं झालंय आणि तुम्हाला कापावं लागेल हे मला माहीत आहे. माझ्या नातवाचं कापलंत तरी चालेल, इक्बाल आणि गजाली पण कापा. हक्कसोडपत्राचा भाग मात्र तेवढा राहू द्या, आमच्या वाडीत तुमचा पेपर तीन घरांत येतो आणि त्यातलं एक घर मला वाचायला हवंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खेड, जि. रत्नागिरी